तेहतीस मजल्यांचा पडदा

वन्यजीव छायाचित्रांचं प्रदर्शन दालनात भरलं की तिथे मुळातच आवड असलेली माणसं जातात. १ ऑगस्ट २०१५च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनच रस्त्यावर आलं. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या भिंतीवर, तेहतीस मजल्यांच्या उंचीत, चाळीस प्रोजेक्टर लावून धोक्यात आलेल्या प्राण्यांची चित्रं दाखवली. मान वर केली की झाला प्रेक्षक, तिकीट नाही!

त्यातली बरीच छायाचित्रं जोएल सार्टोर यांच्या ‘फोटो आर्क’ प्रकल्पातली. ते प्राण्याच्या मागे नुसता काळा किंवा पांढरा पडदा ठेवतात, त्यामुळे उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात. मला हे फार आवडतं. आपल्याकडे वाघापुढे बाकीच्यांना भिंत मिळतेच कुठे?

पण त्याच पडद्याआड जंगल गायब होतं. या प्रकल्पातले बहुतेक प्राणी प्राणिसंग्रहालयांसारख्या ठिकाणी सांभाळलेले. रस्त्यावरच्या माणसाला डोळे लक्षात राहतात. त्या प्राण्याचं घर कुठे, तिथे काय बिघडलं, हे कळत नाही. ते कोणीतरी सांगायलाच हवं.

त्याच डिसेंबरात व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकावर अशीच चित्रं झळकली. त्यांत ‘टफी’ नावाचा एक बेडूक होता. पनामात बेडकांना मारणारा बुरशीचा रोग पसरत होता, म्हणून २००५मध्ये त्याला अटलांटाच्या वनस्पती उद्यानात आणलेलं. त्याच्या जातीचा दुसरा बेडूक कुणालाच ठाऊक नव्हता. भिंतीवर बेडूक दिसला, बुरशी दिसली नाही. सप्टेंबर २०१६मध्ये टफी गेला.