मनाची ओटी



आपल्या नांदेड-लातूरकडच्या गावांत एखाद्या घरी असे लेकरू असते, की त्याची समज वयाच्या मानाने कमी वाढते. लोक त्याला येडं म्हणतात. पूर्वी कागदोपत्री मतिमंद लिहीत. आता बौद्धिक दिव्यांग लिहितात.

माय त्याला सांगते, "बैलाला पाणी पाज, येताना कडब्याच्या दोन पेंढ्या आण, अन् आजीला जेवायला हाक मार." पोरगा पाणी पाजतो आणि तिथेच उभा राहतो. बाप ओरडतो, "कामचुकार हाय!"

आम्ही म्हणतो, तो कामचुकार नाही. कसे ते पाहा.

कापूस वेचताना बाई कमरेला ओटी बांधते. बोंडातला कापूस आधी ओटीत येतो, मग घरी जातो. मनाचेही तसेच. सांगितलेली गोष्ट काम होईपर्यंत मनाच्या ओटीत धरावी लागते. ही ओटी कोणाचीच फार मोठी नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली लिहिले, की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी धरतो. पुढच्या अभ्यासकांनी तर चारच सांगितल्या! या लेकरांची ओटी बहुधा त्याहून लहान असते. एक मावली, बाकीच्या सांडल्या.

घरातले बळद मात्र वेगळे. तिथे पडलेले धान्य टिकते. शेताची वाट, बैलांची नावे, पाव्हण्याचा आवाज त्याला बरोबर आठवतो. इथेच लोक फसतात. "एवढं ध्यानात राहतं, मग आत्ता सांगितलेलं कसं इसरतो?"

म्हणून एका वेळी एकच काम सांगावे. ते झाले, की दुसरे. तोंडाने सांगण्याबरोबर करून दाखवावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या लेकरांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले बरे धरता येते. रोज त्याच क्रमाने केलेले काम हळूहळू बळदात जाते. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी अशा मुलांसाठी 'कामायनी' शाळा काढली. अशा शाळांत कामाचे तुकडे पाडूनच शिकवतात. ओरडू तर नकाच. भ्यालेल्या माणसाच्या ओटीतले होते तेही सांडते, तुमचे-आमचेसुद्धा.

आता दाखल्याचे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. बुद्धीच्या चाचणीत कधी आकडे ऐकवून परत म्हणायला लावतात: ५, ८, २. हे ओटीचेच माप. पोरगं अडलं, तर मायबापांनी मागून हळूच उत्तर सांगू नये. माप चुकते, अन् दाखला अडतो.