दूरचा डॉक्टर आणि घरचा रुग्ण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या प्रसंगी दोन शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही शिक्षणावर बोलू असे त्यांनी गृहीतच धरले होते. अडतीस वर्षे खडू हाती धरलेल्या मॅट्रिक शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती कोणती? तथापि आम्ही विषय निराळा घेतला आहे. कर्करोग हा शब्द आपल्या घरांतून अद्यापि दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलीच्या सोयरिकीस बाध येईल या भयाने तो लपविणारी कुटुंबेही आपल्यांत आहेत. म्हणून तो या व्यासपीठावरून मोठ्याने उच्चारावा असे आम्हांस वाटले. सौभाग्यवतींची अनुज्ञा घेऊनच आम्ही उभे राहिलो आहोत.

२०१९ साली त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पार पडले. कुडाळहून रात्रीची गाडी, पहाटेचे दादर, डोंबिवलीस पुतण्याच्या दोन खोल्यांतील मुक्काम, आणि कागदांची पिशवी छातीशी धरून ताटकळत बसणे, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगलेले आहे. ज्यांना पुतण्या नव्हता त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आसरा दिला, हेही येथे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

पुढे लेट्रोझोल नावाच्या गोळ्या पाच वर्षे घ्यावयाच्या होत्या. इतक्यात मार्च २०२० ची टाळेबंदी आली, गाड्या बंद पडल्या. त्याच महिन्याच्या २५ तारखेस केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली प्रसिद्ध केली, आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीद्वारे घरबसल्या डॉक्टर भेटू लागले. आमच्या रुग्णालयानेही फेरतपासणी फोनच्या पडद्यावर सुरू केली. आमच्या घरी माजघरात फोन चालत नाही. विहिरीकडच्या पडवीत मात्र चित्र स्वच्छ दिसते. तेथे सौभाग्यवतींना खुर्चीवर बसवून आम्ही फोन हाती धरीत असू.

प्रथम आम्ही हरखून गेलो. प्रवास नाही, दोन दिवसांचा मोड नाही, आणि डॉक्टरीणबाई समोरासमोर बोलत आहेत! प्रश्न आला की आम्ही तत्परतेने उत्तर देत असू. “गोळ्या नियमित चालू आहेत ना?” “होय, चालू आहेत.” “काही त्रास?” “काही नाही, ठीक आहे.” वर्गात पर्यवेक्षक आले असता मुलांच्या वतीने मास्तराने उत्तरे द्यावीत, तसा तो प्रकार होता. त्यांत आम्हांस काही वावगे दिसत नव्हते, ही लाजेची गोष्ट आज कबूल करतो.

२०२१ च्या पावसाळ्यात सूनबाई सुटीवर आल्या होत्या. एका भेटीच्या वेळी आम्ही बाजारात होतो. फोन सूनबाईंनी धरला, आणि मग तो सासूबाईंच्या हाती देऊन त्या उठून आत गेल्या. आम्ही परतलो तो निराळीच हकीकत ऐकावयास मिळाली. हाडे व सांधे इतके दुखत की सौभाग्यवतींनी दोन महिन्यांपासून गोळी बंद केली होती. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजत होता, बांगडी चढत नव्हती. हे सारे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. इतके दिवस का बोलला नाहीत, असे आम्ही विचारले. “डॉक्टरानी माका इचारल्यानी, उत्तर तुम्ही दिल्यात,” एवढेच त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. सांधेदुखी हा त्या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे, परंतु गोळी परस्पर सोडल्याने रोग उलटण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. गोळी बदलून दिली, आणि हाडांची घनता मोजून घेण्यास सांगितले. शिंप्याच्या टेपाने दोन्ही हातांचा घेर मनगटापासून ठराविक अंतरांवर मोजून कळवावयास लावले. आकडे पाहून मात्र त्या म्हणाल्या, “आता हात मला प्रत्यक्ष चाचपून पाहिला पाहिजे, या.” आणि आम्ही गेलो.

येथे या साधनाची मर्यादा ध्यानात येते. काखेतील गाठ चित्रात दिसत नाही; तिला बोटच लागते. बायोप्सीच्या काचा आणि मेणातील ठोकळे रुग्णालयात पोचवावेच लागतात. फोनवरून काढलेले त्यांचे छायाचित्र कोणत्याही तज्ज्ञास पुरत नाही. आमच्या शेजारच्या गृहस्थांना तोंडाचा कर्करोग होता. अखेरच्या दिवसांत वेदना असह्य, परंतु मॉर्फीन हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येत असल्याने ते दूरस्थ सल्ल्यावर लिहून देण्यास सदर नियमावलीने मनाई केली आहे. त्यांच्या मुलास चिठ्ठीसाठी मुंबई गाठावी लागली. नियमाचा हेतू आम्हांस समजतो; पण त्या दोन रात्रींचे कण्हणे भिंतीपलीकडून आम्ही ऐकलेले आहे.

तरीही आम्ही या साधनाच्या बाजूचे आहोत. २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाल स्थापन होऊन देशातील रुग्णालये परस्परांशी जोडली गेली. टाटा स्मारक केंद्राच्या तज्ज्ञांचे मत कागदपत्रे पाठवून लेखी मिळविण्याचीही सोय आहे. ज्यास चारशे किलोमीटरांवरून यावयाचे, त्याला हे थोडे नाही.

आता मंडळास एक विनंती. आपल्या कुडाळच्या जागेत मागील खोली रिकामी पडून आहे. तिला दार आहे, कडी आहे. तेथे एक संगणक, चांगले इंटरनेट आणि टेबल एवढे मांडावे. कागदपत्रे पाठवून देण्यास एखादा तरुण बाहेर बसावा. रुग्ण मात्र आत एकटा, अथवा त्याला हवे असलेल्या माणसासह, बसावा. खर्चापोटी आमची पहिली वर्गणी आम्ही चिटणीसांकडे आजच दिली आहे.

सौभाग्यवतींच्या गोळ्यांची मुदत २०२५ साली पुरी झाली. वर्षातून एकदा मुंबईस तपासणी होते, मधली भेट पडद्यावर. त्या वेळी आम्हांस पडवीत बसण्याची परवानगी नाही. आम्ही विहिरीवर पाणी काढीत असतो.