सांथीचा माग काढणारे

एखाद्या गांवांत पांचपन्नास माणसें एकाएकीं आजारी पडलीं, म्हणजे तेथें दोन प्रकारच्या माणसांची गरज उत्पन्न होते. पहिला वैद्य. त्याच्या पुढ्यांत रोगी असतो आणि त्या रोग्याला वांचविणें हा त्याचा धर्म असतो. दुसरा माणूस रोग्याच्या खाटेपाशीं फार वेळ थांबत नाहीं. तो घरोघर हिंडतो. कोण आजारी पडला, कोणत्या दिवशीं पडला, तो कोठें राहतो, त्यानें काय खाल्लें, कोठलें पाणी प्यालें, हें तो विचारतो. आणि जो आजारी पडला नाहीं त्यालाही नेमके तेच प्रश्न विचारतो. या माणसास इंग्रजींत ‘फील्ड एपिडेमिऑलॉजिस्ट’ म्हणतात; मराठींत त्याला सांथशोधक म्हणावयास हरकत नाहीं. वैद्य कसा तयार होतो हें बहुतेकांस ठाऊक आहे. सांथशोधक कसा तयार करावा, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या शिक्षणाची पहिली व्यवस्थित योजना १९५१ सालीं अमेरिकेंत आंखली गेली. त्या वेळीं कोरियांत युद्ध चालू होतें आणि शत्रु रोगजंतूंचा शस्त्रासारखा उपयोग करील अशी धास्ती त्या देशांत पसरली होती. ही संधि साधून अटलांटा येथील सांथरोग केंद्रांत डॉ. अलेक्झांडर लॅंगम्यूर यांनीं ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ नांवाचें पथक उभें केलें. तरुण डॉक्टरांस थोडे आठवडे वर्गांत शिकवावें आणि मग दोन वर्षें, जेथें सांथ उद्भवेल तेथें, अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीं कामास धाडावें, अशी ही योजना होती. पोहणें ज्याप्रमाणें कांठावर बसून शिकतां येत नाहीं, त्याप्रमाणें सांथीचा माग पुस्तकावरून काढतां येत नाहीं, हें त्यामागील तत्त्व होय. या पथकाचें बोधचिन्ह मोठें मार्मिक आहे: पृथ्वीच्या गोलावर ठेवलेला, तळाला भोंक पडलेला बूट! जोडे झिजविल्यावांचून कार्यभाग साधत नाहीं, हें त्यांनीं पहिल्याच धड्यांत सांगून टाकलें.

पुढें १९७५ सालीं कॅनडानें आणि १९८० सालीं थायलंडनें असे शिक्षणक्रम सुरू केले, आणि नंतर अनेक देशांनीं तो मार्ग धरला. भारताला त्याची निकड किती होती, हें १९९४ सालीं कळून आलें. बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं उंदीर मरूं लागले, माणसांस गांठी आल्या, आणि पाठोपाठ सुरतेस फुप्फुसाचा प्लेग आल्याची वार्ता उठली. लाखों माणसें सुरत सोडून पळालीं. शंभर वर्षांमागें मुंबईनें प्लेग भोगला होता. त्याच्या नुसत्या नांवाच्या दहशतीपुढें चौकशी मागें पडली. नक्की रोगी किती, ते कोठले, त्यांचा परस्परांशीं संबंध काय, याचें उत्तर तत्काळ देणारीं शिकलेलीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत नव्हतीं. चेन्नईच्या राष्ट्रीय सांथरोगशास्त्र संस्थेनें २००१ सालीं दोन वर्षांचा शिक्षणक्रम सुरू केला, आणि २०१२ सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रांत अमेरिकन पथकाच्या धर्तीवर दुसरा सुरू झाला.

या शिक्षणक्रमांत वर्गांतील वेळ सुमारें एक चतुर्थांश. बाकीचा सारा प्रत्यक्ष कामाचा. विद्यार्थी प्रथम शिकतो तें ‘रोगी कोणास म्हणावें’ याची व्याख्या करण्यास. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण व्याख्या सैल असली तर साधा तापही यादींत शिरतो, आणि फार घट्ट असली तर खरा रोगी बाहेर राहतो. मग तो मोजतो, काळ, स्थळ आणि व्यक्ति या तीन अंगांनीं यादी मांडतो, तर्क बांधतो, आणि अखेर त्या तर्काची परीक्षा घेतो. या परीक्षेसाठींच निरोग्याकडे, निदान त्या रोगानें न पछाडलेल्याकडे, जावें लागतें.

मुझफ्फरपूरचें उदाहरण यासाठीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बिहारमधील या जिल्ह्यांत १९९५ पासून उन्हाळ्यांत लहान मुलें एकाएकीं आजारी पडत. रात्रीं निजलेलें मूल पहांटे आंचके देऊं लागे, बेशुद्ध होई, आणि पुष्कळदां पाहतां पाहतां जाई. कोणी मेंदूज्वर म्हणे, कोणी उष्मा म्हणे, कोणी बागांत फवारलेल्या विषाचें नांव घेई. २०१४ सालीं मे-जुलै महिन्यांत तेथील दोन इस्पितळांत ३९० मुलें आलीं. त्यांतील १२२ दगावलीं. भारत व अमेरिका या दोन्ही देशांच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या पथकानें १०४ आजारी मुलें घेतलीं, आणि त्यांच्याशीं तुलना करण्यास त्याच वयाचीं, पण दुसऱ्या दुखण्यासाठीं इस्पितळांत आलेलीं १०४ मुलें घेतलीं. दोहोंच्याही पालकांस तेच प्रश्न विचारले.

दोन गोष्टी निराळ्या निघाल्या. आजारी मुलांनीं आदल्या दिवशीं लिची खाल्ली असण्याचा संभव कितीतरी पट अधिक होता. आणि त्यांतील पुष्कळ रात्रीं न जेवतां झोंपलीं होतीं. रक्त तपासलें तों ३२७ पैकीं २०४ मुलांच्या रक्तांत साखर फार उतरलेली. लिचींत अशीं द्रव्यें असतात कीं, उपाशी पोटीं शरीर नवी साखर करूं पाहतें त्या क्रियेसच तीं अडवितात. ७३ आजारी मुलांपैकीं ४८ जणांच्या लघवींत या द्रव्यांचे अवशेष सांपडले. तुलनेच्या १५ मुलांत एकाच्याही नाहीं. पोटभर जेवलेलें मूल तेंच फळ खाऊन खेळत राही; दुबळें, उपाशी मूल बळी पडे. तेव्हां उपाय साधा ठरला: मुलाला रात्रीं जेवूं घालावें, लिची बेतानें द्यावी, आणि आंचके येतांच साखर तपासून ती विनाविलंब भरून काढावी.

परंतु येथेंच गोष्ट संपत नाहीं. २०१९ सालीं त्याच भागांत पुन्हां शंभराहून अधिक मुलें मरण पावलीं. कारणाचा शोध छापून निघणें वेगळें, आणि तो दरवर्षीं उन्हाळ्यापूर्वीं प्रत्येक आईच्या कानीं व प्रत्येक प्राथमिक केंद्राच्या औषधपेटीपर्यंत पोंचणें वेगळें. दूरचें पथक येतें आणि परत जातें. सांथ मात्र तेथेंच राहते. म्हणूनच या शिक्षणाच्या आतां पायऱ्या केल्या आहेत. सर्वांत वरची दोन वर्षांची, तज्ज्ञांसाठीं. सर्वांत खालची सुमारें तीन महिन्यांची, जिल्ह्यांत व तालुक्यांत काम करणाऱ्या आरोग्यसेवकांसाठीं. तो आपली नोकरी न सोडतां शिकतो, आणि शिकण्यासाठीं त्यानें तयार करावयाची यादी त्याच्याच गांवांची असते.

वरच्या पायरीचा बोलबाला होतो. खालच्या पायरीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तरी सांथ प्रथम दिसते ती या खालच्या पायरीवरील माणसालाच. एका आठवड्यांत एकाच वाडींतील तीन मुलें आंचके येऊन दगावलीं, हें त्यानें वहींत नुसतें टिपून ठेवलें, तर तो कारकून. ‘हीं तीनच कां, आणि शेजारचीं कां नाहींत?’ असें विचारून त्यानें जोडे पायांत चढविले, तर तो सांथशोधक. हा एक प्रश्न योग्य वेळीं विचारण्याची संवय लावणें, हेंच या सर्व शिक्षणाचें सार आहे. ती संवय लागलेला एक माणूस प्रत्येक तालुक्यांत असला, तर चौथें मूल वांचण्याची आशा धरतां येईल.