पट्टी वाचायला शिकलो



२०२४ च्या दसऱ्यानंतर आमच्या गटातल्या अकरा जणींनी ठरवलं, सोयाबीन गावातल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर घालायचं नाही. एकत्र करून आपणच मोंढ्यात न्यायचं. हमीभाव त्या हंगामाला ४,८९२ होता, बाजार त्याच्या बराच खाली. पण सरकारी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची ताकद नव्हती. दिवाळी तोंडावर होती.

टेम्पो भरायच्या आधीच पारावर बोलणी सुरू. "आता बाया मोंढा चालवणार!" आम्ही हसून पोती शिवली.

पहिल्याच खेपेला आपटलो. यंत्रावर ओलावा १६ निघाला, मालात मातीही होती. चांगल्या मालाला ४,२०० बोली लागली, आमच्याला ३,८००. टेम्पोभाडं, हमाली, तोलाई जाऊन क्विंटलमागं ३,६९० हातात आले. गावात त्या दिवशी ३,७५० होता. म्हणजे एवढा खटाटोप करून ६० रुपये कमीच! एकीच्या मालकांनी निरोपच धाडला, आमची पोती पुन्हा धरू नका. दोघी बैठकीला यायच्या थांबल्या. गट मोडतो की काय, असं वाटलं.

लोकांना उत्तर द्यावं म्हणून जीभ वळवळत होती, खोटं कशाला बोला. पण त्या दिवशी बैठकीत आम्ही फक्त पट्टी वाचली. एकेक ओळ, मोठ्यानं. कशाचे किती कापले, ते पाहिलं. तेव्हा ध्यानात आलं, पारावरचे एक आजोबा "ओला माल नेलाय पोरींनी" म्हणाले होते, त्यांनाही आम्ही टिंगल करणाऱ्यांत धरलं होतं. ते खरं बोलत होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो. दाणा दाताखाली धरून कसा बघायचा, ते त्यांनी शिकवलं.

निम्मा माल घरीच होता. तो ताडपत्रीवर वाळत घातला, तर नवीनच ऐकलं, "वाळवून वजन घालवतात, शहाण्या!" वजन जातंच. पण किती? १६ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत पाणी सोडून माल ८४ किलो. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन राहतं साधारण साडेपंच्याण्णव किलो. ओल्या १०० किलोचे ३,८००. वाळलेल्या साडेपंच्याण्णवचे ४,२०० च्या भावानं ४,०११. हा हिशोब आम्ही तीनदा केला, कारण पहिल्यांदा आमचाच विश्वास बसेना.

तीन दिवस ऊन दिलं, चाळण मारली. दुसऱ्या खेपेला भाव जरा उतरला होता, ४,१५० मिळाला. काट्यावर पोतं ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का, ते एकजण बघत होती, दुसरी वहीत लिहीत होती. अडत्या म्हणाला, "ताई, विश्वास नाही का?" आम्ही म्हटलं, "आहे, पण वहीला सवय लावतोय." खर्च आणि वाळून गेलेलं वजन धरूनही गावच्या भावापेक्षा क्विंटलमागं शंभरेक रुपये वर राहिले. फार नाहीत. पहिल्या खेपेचा खड्डा भरून थोडे उरले, एवढंच.

पट्ट्या आम्ही बैठकीच्या खोलीत भिंतीला लावल्या, तोट्याची आधी. ज्या मालकांनी पोती नको म्हटलं होतं, ते एकदा दारातून वाचून गेले, बोलले काहीच नाहीत. नंतर त्यांनी तुरीची दोन पोती पाठवली. दोनच. बाकीची घरी ठेवलीत म्हणे, बघून.

आता तूर निघेल. ज्यांना आमच्यासोबत यायचंय त्यांनी पोती उलटी करून झटकून आणा, मागच्या वेळी एकीच्या पोत्यात गव्हाचे दाणे निघाले होते.