यादी उघडली, पण नावं कुठं गेली?



२०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, उभं सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला. पुढे अनुदानाच्या याद्या आल्या, शेतकऱ्यांचे विशिष्ट क्रमांक आले, केवायसीसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागल्या. अशी यादी हातोहात फिरते ती बहुतेक एक्सेलची फाईल म्हणून. ती नीट उघडली नाही, की रांगेतला शेतकरी घाबरून विचारतो, "माझं नाव कटलं का?" नाव असतं हो, दिसत नसतं.

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर फाईल बिघडली असं लगेच समजू नका. आपल्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टमध्ये टायपिंग झालं. त्या फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो फॉन्ट संगणकावर टाका, रकाना निवडून लावा. नावं परत येतात. मोबाईलवर मात्र ही युक्ती सहसा चालत नाही. तिथं यादी युनिकोडमध्येच हवी.

सीएसव्ही फाईलची तऱ्हा वेगळी. तिच्यातलं मराठी युनिकोड असूनही डबल-क्लिक केलं की विचित्र चिन्हं दिसू शकतात. अशा वेळी आधी कोरं एक्सेल उघडा, 'डेटा'मध्ये जाऊन 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि '६५००१ युनिकोड यूटीएफ-८' निवडा. त्याच खिडकीत 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' हाही पर्याय असतो. तो निवडायला विसरू नका, कारण खरा घात आकड्यांत होतो.

आधार क्रमांक बारा अंकी. एक्सेल त्याला साधी संख्या समजतं आणि '१.२३ई+११' असं काहीतरी दाखवतं. इथवर काही बिघडलेलं नसतं. पण त्याच अवस्थेत फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की दिसतंय तेवढंच साठवलं जातं आणि बाकीचे अंक कायमचे जातात. एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरतं. खातं सोळा अंकी असेल, तर शेवटचा अंक शून्य होतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही गळतात. म्हणून माझं मत विचाराल, तर न उघडणाऱ्या फाईलपेक्षा गुपचूप चुकीची उघडणारी फाईल जास्त घातक. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले होते. कारण तिथं वापरलेल्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते, आणि फाईल तर बिनतक्रार उघडत होती!

आता खरोखर न उघडणारी फाईल. आधी तिचा आकार बघा. शून्य केबी असेल, तर डाउनलोड अर्धवट झालंय. खटपट न करता पुन्हा मागवा. लाईट गेल्यामुळं किंवा पेन ड्राइव्ह घाईत ओढल्यामुळं बिघडली असेल, तर एक्सेलच्या 'ओपन' बटणाशेजारच्या बाणात 'ओपन अँड रिपेअर' आहे. तेही हरलं, तर लिब्रे ऑफिस वापरून बघा, ते फुकट मिळतं. फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही, असा इशारा आला आणि फाईल सरकारी पोर्टलवरून स्वतः उतरवलेली असेल, तर 'येस' म्हणायला हरकत नाही. अनोळखी नंबरवरून आलेली असेल, तर उघडूच नका.

आणि काहीही करण्याआधी मूळ फाईलची प्रत काढा. बंद करताना 'सेव्ह करू का' असं विचारलं, तर 'नाही' म्हणा.

यादी पाठवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. आधार आणि खात्याचे रकाने आकडे भरण्याआधीच 'टेक्स्ट' करा, नावं युनिकोडमध्ये टाका आणि गावात वाचायला सोबत पीडीएफही द्या.