जुन्या मोटारीचा सौदा

आजच्या भाषणाचा विषय निवृत्त शाळामास्तराच्या तोंडी काहीसा विजोड वाटण्याचा संभव आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी स्पोर्ट्स मोटार आहे. मालकाने हौसेने तिच्या इंजिनात, ब्रेकांत व स्प्रिंगांत फेरफार केले आहेत. आणि आता ती विकावयाची आहे. "रस्त्यावरही चालेल, शर्यतीतही धावेल" अशी तिची जाहिरात होते. अशा विक्रीत विकणाराचे कर्तव्य कोणते, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम आपल्या खानदेशातीलच एक बाजार पाहू. तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. १९९८ साली जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हापासून हे गाव धुळ्याऐवजी नंदुरबार जिल्ह्यात मोडते. तेथे जाणते गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहून वय ठरविते, चाल पाहते आणि खोड विचारते. टांग्यास जुंपावयाचा घोडा व शर्यतीस उतरावयाचा घोडा दिसावयास सारखे असले तरी एका कामाचे नव्हेत, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र चांगली सुशिक्षित मंडळीही हा भेद विसरतात.

शर्यतीसाठी इंजिन तयार करणे म्हणजे काय? सिलिंडरातील मिश्रण अधिक दाबावयाचे, झडपा अधिक वेळ उघड्या राहतील असा कॅमशाफ्ट घालावयाचा आणि कार्बुरेटर मोठा बसवावयाचा. यामुळे जोर वाढतो खरा, परंतु तो इंजिन भरवेगाने फिरू लागल्यावर. संथ चालीत तेच इंजिन अडखळते व तापते. वैशाखात जळगावास पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळत असता बाजारपेठेच्या गर्दीत अशा मोटारीची काय अवस्था होईल, याची कल्पना करावी. स्प्रिंगा आखूड केल्या म्हणजे वळणावर गाडी स्थिर राहते, पण पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासते. शर्यतीच्या ब्रेकांतील काही अस्तरे तापल्यावाचून नीट धरीत नाहीत. शर्यतीत ती पहिल्या फेरीतच तापतात; पण घरातून निघताच गल्लीच्या तोंडाशी एखादे मूल आडवे आले, तर त्यांना तापावयास सवड कोठून मिळणार?

येथे मास्तरकीच्या सवयीने एक गणित घालतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर १५ मीटरांत थांबते असे समजा. वेग दुप्पट, म्हणजे १०० किलोमीटर केला, तर तिला थांबावयास किती अंतर लागेल? पुष्कळजण ३० म्हणतील. बरोबर उत्तर ६० आहे, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी जुनी फियाट १०८९ घनसेंटिमीटरांची व सुमारे ४० अश्वशक्तीची होती आणि तिचे ब्रेकही त्याच बेताचे होते. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अशाच फियाट व हेराल्ड मोटारी सुधारून शर्यतीस उतरविल्या जात. तेथे समोरून बैलगाडी येत नसे. ज्याने जोर वाढविला पण थांबण्याची व्यवस्था जुनीच ठेवली, त्याने अर्धीच मोटार सुधारली. आणि विकताना ही गोष्ट दडविली, तर तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळला.

आता कायद्याचे पाहू. 'व्हिंटेज' हा शब्द जाहिरातीत फार सैलपणे वापरतात. १९३४ साली इंग्लंडात स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्याच मोटारींना हे नाव देतो. आपल्याकडे जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ही वेगळी वर्गवारी केली, त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आणली आणि नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क ठेवले. परंतु अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे; सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा; आणि प्रदर्शन, फेरी अशा प्रसंगांखेरीज ते रोजच्या वापरात आणू नये. दुसरीकडे, मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास मनास येईल तसा करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ उचलून धरला. तात्पर्य, जी मोटार शर्यतीसाठी पुरती बदलली, तिला 'मूळ स्वरूपातील व्हिंटेज' म्हणून विकणे हे उघड असत्य होय.

मग फेरफार केलेल्या जुन्या मोटारीस काही मोल नाही काय? आहे, आणि ते कशात असते हे विलायतेतील एका खटल्यावरून चांगले समजते. 'ओल्ड नंबर वन' नावाच्या बेंटली मोटारीने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात इतके फेरफार झाले की, मूळचे भाग फारच थोडे उरले. १९९० साली एक कोटी पौंडांच्या घरात तिचा सौदा ठरला. पण "ही ती मोटारच नव्हे" असे म्हणून घेणाराने हात आखडता घेतला. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी निर्णय विकणाराच्या बाजूने दिला. मोटार मूळ स्थितीत नाही हे त्यांनी मान्य केले. तथापि तिचा इतिहास कोठेही खंडित झालेला नाही, म्हणून त्या नावावर तिचाच हक्क आहे, असे त्यांनी ठरविले. आपल्या जुन्या वाड्याच्या तुळया बदलल्या, कौले बदलली, तरी पिढ्यानपिढ्यांची वहिवाट अखंड असेल तर वाडा तोच राहतो, तद्वतच हे आहे.

यातून विकणारास मार्ग सापडतो. त्याने एक वही करावी. कोणता भाग कोणत्या साली बदलला, कोणी बदलला, काढलेला मूळ भाग जपून ठेवला आहे काय, इंजिन व सांगाड्याचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय, विमा कंपनीस फेरफार कळविले आहेत काय, हे सर्व तीत लिहावे आणि भाव सांगण्यापूर्वी ती वही गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. मोटार रस्त्यास योग्य नसेल तर तसे स्वच्छ लिहावे. अशी मोटार चेन्नई किंवा कोइमतूरच्या शर्यतमार्गावर ट्रकमधून न्यावी, स्वतः हाकीत नेऊ नये, हेही सांगावे.

शेवटची गोष्ट विकणाराच्या स्वतःच्या हिताची आहे. पैसे मोजून घेतले आणि किल्ली दिली, एवढ्याने तो मोकळा होत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास ती कळवावी लागते. नमुना २९ व ३० भरून नोंदणी दुसऱ्याच्या नावे करून घ्यावी लागते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोटार हातोहात विकली गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव कायम आहे, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार धरला जातो. वेगासाठीच घडविलेली मोटार अनोळखी तरुणाच्या हाती देऊन कागद मागाहून करू म्हणणाराने या निर्णयाचा विचार करावा.

जळगावच्या सराफीची ख्याती आपण सर्व जाणतो. दागिना जुना असला, त्यास टाके असले, म्हणून तेथे कोणी नाक मुरडीत नाही. सोने कसास लावतात, टाक्याची घट सांगतात आणि उरलेल्याचा वाजवी भाव देतात. जुन्या मोटारीच्या सौद्यातही एवढाच चोखपणा असला म्हणजे पुरे.