लाल खडकांतली कुत्र्याची भटकंती
अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ नावाचं उद्यान आहे. लाल वालुकाश्माचे उभे सुळके, मागे पाइक्स पीकचं शिखर. १९०९ साली पर्किन्स कुटुंबानं ही जागा शहराला दिली, ती प्रवेश कायम मोफत ठेवण्याच्या अटीवर! इथं कुत्र्याला नेता येतं, पण पट्टा बांधूनच. झुडपांत रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, तेव्हा हा नियम मला तरी जाचक वाटत नाही. उन्हाळ्यात खरी काळजी उष्णतेची. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. पंजांना चटका बसू नये म्हणून निघण्यापूर्वी खडकावर पाच-सात सेकंद तळहात टेकवून पाहा. हाताला सहन झालं नाही, तर सरळ परत फिरा. कुत्र्यासाठी पाणी वेगळं घ्या, आणि विष्ठेची पिशवी वाटेवर टाकू नका.